वखारीतल्या सिस्टर

हॉटेलच्या धंद्यात आम्ही दिवसातून शंभरदा 'सॉरी' म्हणतो. पाणी गार आलं, सॉरी. पाणी फार कढत आलं, सॉरी. पाऊस पडला आणि पन्हाळा बघायचा राहिला, त्यालाही सॉरी. पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेत होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हांला आरशासमोर उभं करून हा शब्द घोटवून घेतला होता. सिस्टर मात्र तो उच्चारत नसत. समोरचा पाहुणा कितीही तापलेला असो, त्या हात पाठीशी बांधून त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकत आणि मग शांतपणे विचारत, "चूक कुणाची झाली, ते आधी बघूया का?" एकदा मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "सिस्टर, नुसतं म्हणायचं असतं हो. त्याला काही अर्थ नसतो." त्या म्हणाल्या, "अर्थच नसंल तर म्हणायचं कशाला? माझी चूक असंल तर पाय धरीन. नसंल तर मान बी हलवणार न्हाय."

त्यांचं नाव सुशीला कांबळे. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेलं, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तरी गल्लीतली पोरं, भाजीवाल्या, रिक्षावाले, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. हॉटेलात आल्यावर आम्हीही म्हणू लागलो. उंची बेताची, चाल भराभरा, आणि आवाज असा की तळमजल्यावरून बोलल्या तरी गच्चीवर वाळणाऱ्या चादरी काढायला गेलेल्या मुली "आले, आले" म्हणून ओ देत.

आमचं हॉटेल म्हणजे शाहूपुरीतली गुळाची जुनी वखार. बाजार तिथून हलल्यावर ती कित्येक वर्षं कुलपात होती. मालकांच्या आजोबांची ती. मालक स्वतः वास्तुकलेचं शिकलेले, बाहेर नोकरी करून परत आलेले. त्यांनी दगडी भिंती तशाच ठेवल्या, सागवानी खांब घासून चकचकीत केले, गूळ तोलायचा थोरला काटा पाहुण्यांच्या स्वागताच्या जागी टांगला आणि बारा खोल्या काढल्या. खोल्यांना नंबर नव्हते. 'काकवी', 'रवा', 'ढेप' अशी गुळाच्या धंद्यातली नावं होती. आमच्या पाठोपाठ सगळी गल्लीच पालटली. वेल्डिंगच्या दुकानात कॉफी मिळू लागली, पत्र्याच्या शेडमध्ये चित्रांचं दालन झालं, संध्याकाळी दिव्यांच्या माळा लागल्या. ज्या गल्लीत पूर्वी बैलगाड्या अडकायच्या, तिथे पोरी फोटो काढायला यायला लागल्या. मी तिथे मॅनेजर होतो. माझं गाव हातकणंगले. कोल्हापुरातच अशी नोकरी मिळाली म्हणून घरचे खूश होते आणि ती टिकावी म्हणून मी कुणालाही, कशालाही 'हो' म्हणत होतो.

सिस्टर आल्या त्या नोकरी मागायला नव्हे, भांडायला. हॉटेल सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. त्या मागच्या बोळात राहत. भर दुपारी पुढच्या दाराने आत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅनेजर, तुमच्या मागच्या दाराला बाहेरनं कुलूप हाय." मी म्हटलं, "हो, सुरक्षेसाठी." "कुणाच्या सुरक्षेसाठी? आग लागली तर वरची माणसं पळणार कुठनं? जळालेली माणसं बघितल्यात व्हय कधी? मी बघितल्यात." मी नेहमीचा शब्द उच्चारला. त्यांनी तिथल्या खुर्चीत बैठक मारली. "कुलूप निघंस्तवर मी हितंच हाय. च्या दिला तर पिईन, न्हाय दिला तर तशीच बसीन." शेवटी मालक खाली आले. त्यांनी ऐकून घेतलं, कुलूप काढायला लावलं, आणि चहा पिता पिता त्यांना विचारलं, "आमच्या खोल्यांची व्यवस्था बघाल का?" सिस्टर म्हणाल्या, "बघीन. घरात बसून टीव्हीतल्या बायकांची भांडणं ऐकायची, त्यापरास बरं. पर खोटं बोलायला सांगायचं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलचा वॉर्ड झाला. पावणेआठला राउंड. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, गादीखाली घट्ट खोचलेले. सुरकुती दिसली की पूर्ण चादर ओढून परत घालायला लावत. 'काकवी', 'ढेप' ही नावं त्यांच्या तोंडी कधी बसली नाहीत. "सात नंबरचा पेशंट उठला का?" असं त्या भर जिन्यात विचारत आणि पाहुणे निघाले की "चार नंबरला डिस्चार्ज द्या" म्हणत. एका मुंबईच्या वकीलसाहेबांनी ते ऐकलं आणि जाताना वहीत लिहिलं, 'इथे आलो तेव्हा आजारी नव्हतो, पण जाताना बरा होऊन निघालो आहे.' मालकांनी ते पान चौकटीत लावलं. सिस्टर वाचून म्हणाल्या, "बीपी हाय त्याला. सांगितलंय मी, मीठ कमी कर म्हनून."

गणपतीच्या आधी मागच्या बोळात मंडळाच्या पोरांचा ताशाचा सराव चालायचा. एक दांपत्य खाली आलं. बाई संतापल्या होत्या. हा गोंगाट आत्ताच्या आत्ता बंद करा, म्हणाल्या. मी पोरांना सांगायला निघालोच होतो. सिस्टरांनी माझं मनगट धरलं आणि काउंटरवरचं आमचंच माहितीपत्रक त्या बाईंपुढे ठेवलं. "ताई, हितं बघा, आमच्या मालकांनी काय लिवलंय. 'खऱ्या कोल्हापुरात राहा.' ते खरं कोल्हापूर मागं वाजतंय. साडेआठला थांबतील पोरं, थांबली न्हाईत तर मी जाऊन थांबवीन. तवर हे घ्या." असं म्हणून त्यांनी पदराच्या टोकातून कापसाचे दोन बोळे काढून दिले. त्या बाई क्षणभर बोळ्यांकडे बघत राहिल्या आणि मग नवऱ्याकडे बघून हसल्याच. साडेआठला पोरं थांबली. त्या दोघांनी शेवटची वीस मिनिटं बोळात उभं राहून ऐकली होती.

त्या तीन वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाच माफी ऐकली, आणि ती पाहुण्याची नव्हती. पूनम म्हणून एक मुलगी खोल्या आवरायला होती. नव्या टॉवेलांचा एक गठ्ठा सापडेना. सिस्टर तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलल्या. संध्याकाळी तो गठ्ठा धोब्याकडेच निघाला. दुसऱ्या दिवशी पावणेआठला आम्ही सगळे ओळीत उभे असताना सिस्टर पूनमसमोर जाऊन थांबल्या. "काल मी तुला चारचौघांत बोलले, म्हनून आज चारचौघांतच सांगते. चूक माझी हुती. माफ कर बाई." पूनम रडायला लागली. "रडू नगंस," सिस्टर म्हणाल्या, "माफ केलंस का न्हाय ते सांग." पूनमने मान हलवली. "मग चल, नऊ नंबरची चादर बघ कशी झालीय, जणू गाढव लोळलंय." मी इतक्या मोठ्या माणसाला इतक्या लहान माणसाची माफी मागताना आधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात मुंबईहून एक सल्लागार बाई आल्या. हॉटेल सुंदर आहे, पण त्यात 'अनुभव' नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग अनुभव ठरला. खोल्या आवरणाऱ्या बायकांनी नऊवारी नेसायची, नथ घालायची, छातीवरच्या पट्टीवर खऱ्या नावांऐवजी 'गंगूबाई', 'सारजाबाई' असली जुनी नावं लावायची, आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर जुन्या वखारीचा देखावा करायचा. डोक्यावर टोपल्या, हातात दाभण, ओठांवर गाणं. परदेशी प्रवासी कंपन्यांची काही माणसं पंधरवड्यात येणार होती, त्यांच्यासमोर पहिला प्रयोग. त्यांना ते आवडलं तर वर्षभराच्या खोल्या भरतील, असा हिशेब होता.

मुलींना काय, हौस होती आणि भीतीही. एकीने विचारलं, "सिस्टर, नेसू का हो?" सिस्टर म्हणाल्या, "तुला आवडतंय तर नेस की. लाज कपड्यात नसती. लग्नातबी नेस, झकास दिसशील." स्वतःची नऊवारीची पिशवी मात्र त्यांनी न उघडता माझ्या टेबलावर आणून ठेवली. वर 'सारजाबाई'ची पट्टी ठेवली. "सागर, हे माझ्या मापाचं न्हाय."

मी म्हटलं, "सिस्टर, एका संध्याकाळचा प्रश्न आहे."

"माझ्या आईनं ह्याच वखारीत चौदा वर्षं बारदान शिवलं," त्या म्हणाल्या. "नऊवारीच नेसायची. दुसरं नव्हतंच. तिला पोटासाठी करावं लागलं, ते मी पावण्यांच्या करमणुकीसाठी करू?"

तीन वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. मालकांनाही माहीत नव्हतं. मी वर जाऊन सांगितलं तेव्हा ते उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "त्या दिवशी त्यांना सुट्टी द्या. पगारी." मी निरोप दिला. सिस्टर म्हणाल्या, "सुट्टी मी मागितली न्हाय."

त्या संध्याकाळी सहा वाजता सिस्टर आल्या त्या दवाखान्याच्या गणवेशात. कांजी केलेली पांढरीशुभ्र साडी, पांढरे बूट, छातीवर काळी पट्टी, तिच्यावर पूर्ण नाव. सल्लागार बाईंनी "हे काय?" असं विचारलं. "ह्योबी कोल्हापुरी पोशाखच हाय," सिस्टर म्हणाल्या. "ह्या कपड्यात मी निम्म्या गावाची बाळंतपणं केल्यात." आणि त्या पाहुण्यांच्या मागे, खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

देखावा सुरू झाला. सल्लागार बाई मराठीत बोलत होत्या आणि मी इंग्रजीत सांगत होतो. वखारीतल्या बायका कशा गात गात, हसत खेळत काम करायच्या, मालक त्यांना घरच्यासारखं कसं वागवायचे, वगैरे. नऊवारीतल्या मुली टोपल्या घेऊन गोल फिरत होत्या. पूनमची नथ सारखी घसरत होती. तेवढ्यात मागून तो आवाज आला.

"ताई, जरा थांबा. माझी आई हितं हुती. तिचं मी सांगते."

सगळ्यांनी वळून बघितलं. सिस्टर पुढे आल्या. मालकांनी माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. त्या पाहुण्यांतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर ते बोलणं तिथेच संपलं असतं, हे मालकांना कळत होतं आणि मलाही. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "सागर, मी बोलीन तेवढं सांग. कमी न्हाय, जास्त न्हाय."

मी मालकांकडे पाठ केली. मग सांगायला लागलो.

"ह्या खांबापाशी बारा बायका बसायच्या. माझी आई गोजराबाई त्यातली. मला दुपट्यात गुंडाळून हितंच निजवायची. गुळाच्या रव्याला आमचा हात लागलेला चालायचा न्हाय. बारदानाला लागलेला चालायचा. गाणी म्हणायच्या, व्हय. आनंदानं न्हवं, झोप येऊन दाभण बोटात जाऊ नये म्हनून. तहान लागली की गडी तांब्या घेऊन यायचा आणि वरनं ओंजळीत पाणी ओतायचा."

मी इंग्रजीत म्हटलं की त्यांना पाणी 'सेपरेट' दिलं जायचं. सिस्टरांनी हात वर केला. "मला इंग्लिश कळतं, सागर. बत्तीस वर्षं डाक्टरांच्या संगं काढल्यात. 'सेपरेट' न्हाय. 'फ्रॉम अबव्ह' म्हण." मी तसं म्हटलं.

"मी नर्स झाले," त्या पुढे म्हणाल्या, "पैल्या दिवशी हा ड्रेस घालून आईला दाखवायला गेले. तिला हात लावून बघायचा हुता. पर आधी ती मोरीवर गेली, दोन्ही हात साबण लावून धुतलं, पुसलं, आणि मग पदराला हात लावला. मी तिला म्हटलं, आई, तुझं हात घाण न्हाईत. ती पदरच चाचपत ऱ्हायली. त्या बाईचं सोंग मला करायला सांगू नका. एवढंच माझं म्हणणं."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. एक वयस्क बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, कोणता खांब? सिस्टरांनी दाखवला. मग एकेक जण उठून तिथे गेला. काहींनी प्रश्न विचारले, सिस्टरांनी उत्तरं दिली, मी सांगत राहिलो. मुलींनी टोपल्या कधीच खाली ठेवल्या होत्या. पूनमने नथ काढून मुठीत धरली होती.

पाहुणे जेवायला गेल्यावर मालकांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, तुम्ही माझ्या आजोबांची अब्रू घालवलीत."

"मी त्यांचं नाव तरी घेतलं का?" सिस्टर म्हणाल्या. "मी माझ्या आईचं घेतलं. आजोबांचं तुमीच घेताय."

मालकांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "उद्यापासून तुम्ही..."

"उद्या बाराच्या बारा खोल्या भरल्यात. चादरी कोण बघणार? काढायचं तर परवा काढा." आणि त्या निघून गेल्या.

परवा काही झालं नाही. त्यानंतरही नाही. नऊवाऱ्या एका ट्रंकेत गेल्या, मुलींची खरी नावं परत छातीवर आली, सल्लागार बाई आल्या तशा गेल्या. प्रवासी कंपन्यांपैकी दोघींनी वर्षभराच्या खोल्या धरल्या, एकीने नाही. माझ्याशी मालक महिनाभर कामापुरतंच बोलले. गोजराबाईंचं नाव कुठल्या भिंतीवर लागलं असं मात्र झालं नाही, आणि सिस्टरांनी तसं कधी मागितलंही नाही.

आठ महिन्यांनी नवा नियम आला, साठीच्या पुढच्या माणसांना मुदतवाढ नाही. साठीच्या पुढचं माणूस हॉटेलात एकच होतं. सिस्टरांनी मालकांना तोंडावर विचारलं, "म्हातारी म्हनून काढताय, का तोंडाळ म्हनून?" मालक म्हणाले, "नियम आहे." "असू दे. सरकारनंबी मला नियमानंच घालवलंतं. दोनदा रिटायर झालेली मी पैलीच बाई असंन." शेवटच्या दिवशीही त्यांनी पावणेआठचा राउंड घेतला. पूनमला बाराही खोल्यांच्या किल्ल्या दिल्या आणि म्हणाल्या, "कुणी चुटकी वाजवून बोलावलं तर वळायचं न्हाय. नावानं बोलावलं तर पळत जायचं."

मला वाटलं, आता त्या घरी बसतील. पंधरा दिवसांनी त्यांच्या बोळात गेलो तर दारात हातगाडीवरून लोखंडी खाटा उतरत होत्या. जुन्या बाजारातून आणलेल्या, सहा. सिस्टर पदर खोचून उभ्या होत्या. "दवाखान्याच्या फरशीवर माणसं निजत्यात," त्या म्हणाल्या. "शाहूवाडीकडनं, पार डोंगरातनं येत्यात. पेशंट खाटेवर, आणि त्याची आई जिन्यात. बत्तीस वर्षं त्यास्नी वलांडून ड्युटीवर गेले मी. आता वलांडवत न्हाय." दोन खोल्यांचं त्यांचं घर. बाहेरच्या खोलीत चार खाटा बसल्या, आतल्या खोलीत दोन, आणि स्वतः त्या स्वयंपाकाच्या ओट्याखाली अंथरूण टाकत. हॉटेलच्या वापरातून काढलेल्या दहा चादरी मी नेऊन दिल्या. त्यांनी एकेक उजेडात धरून बघितली, चार ठेवल्या आणि सहा परत केल्या. "फुकट असली तरी भोकाची नगं."

तिथे येणाऱ्यांना नियम दोनच होते. निजायच्या आधी पाय धुवायचे, आणि रडायचं असेल तर दार लावून रडायचं नाही. "सगळ्यांच्यात रडा," त्या म्हणत, "म्हंजे कुणीतरी पाठीवर हात ठेवंल." गल्लीतल्या एका कॉफीवाल्याने तक्रार केली की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोचक्यांनी गल्लीची शोभा जाते. महापालिकेतून चौकशीला एक गृहस्थ आले. विनापरवाना लॉज चालवता का, म्हणाले.

"लॉज न्हाय. पावणं हायत माझं."

"रोज नवे पावणे?"

"माझं गणगोत मोठं हाय," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यात पडलं तर तुमीबी या. तवाबी परवाना विचारणार न्हाय."

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

गेल्या वर्षी जूनमध्ये सिस्टर गेल्या. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. मी तेव्हा गोव्यात नव्या नोकरीत होतो. पूनमचा फोन आला तसा निघालो. पोहोचलो तेव्हा बोळ माणसांनी भरला होता. जुन्या नर्सा, रिक्षावाले, ताशाची पोरं, हॉटेलातल्या मुली. सगळी बोळातच उभी, कारण आत जागा नव्हती. सिस्टरांना बाहेरच्या खोलीत मध्यभागी ठेवलं होतं आणि सभोवार चारी खाटांवर दवाखान्यातल्या पेशंटांची माणसं बसली होती. सिस्टरांचे एक भाऊ सिस्टरांच्या मुलीला समजावत होते, "लता, आजच्या दिवस तरी ह्यांस्नी दुसरीकडं पाठव. माणसं आलीत मयताला." लताताई हातकणंगल्याला शाळेत शिकवतात, एरवी मवाळ स्वभावाच्या. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आईनं काल रात्री सांगितलंय. मी गेले तरी एक खाट हलवायची न्हाय. कुणाला बसायचं असंल त्यानं सरकून बसावं."

बुद्धवंदना झाली. मालक केव्हा आले ते मला दिसलं नव्हतं. आता बघितलं तर ते उंबऱ्याबाहेर उभे होते, पांढरा सदरा घातलेले, हातात फुलं. आत जावं की नको हे त्यांना ठरवता येत नव्हतं. दाराजवळच्या खाटेवर शाहूवाडीकडची एक म्हातारी बसली होती. तिची सून बाळंतपणाला दवाखान्यात होती. सिस्टर पूर्वी कुठे काम करत, मालक कोण, तिला काही माहिती नव्हतं. ती दोन दिवसांपूर्वीच आलेली.

"पावणं, दारात का उभं?" तिने विचारलं. "कोण हाय तुमचं दवाखान्यात?"

"कुणी नाही," मालक म्हणाले. "ह्या बाई माझ्या..." पुढचा शब्द त्यांना सापडेना.

म्हातारीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे सरकली. "या, हितं बसा. हुतीया जागा."

मालकांनी चपला काढल्या, बुटक्या दारातून वाकून ते आत आले आणि तिच्या शेजारी, खाटेच्या कडेवर बसले.